ओटा झाला, घर व्हायचंय

शहाद्यातून सारंगखेड्याकडे निघालात की वस्ती संपता संपता डाव्या हाताला आमचा ओटा लागतो. लांबरुंद, शेणानं सारवलेला, पाठ टेकायला मागे हातभर कड असलेला. सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर माणसं बसलेली असतात. ओट्यामागे घर असतं अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे नवखा माणूस कौतुकानं मान वर करून मागे बघतो. मागे घर नाही. घराचं काम चालू आहे. हे वाक्य मी गेल्या डिसेंबरपासून इतक्या लोकांना ऐकवलंय की आता कुणी नुसतं "काय म्हणता" असं विचारलं तरी तोंडून तेच निघतं.

मी हेमकांत पाटील, इथल्या एका शाळेत हेडक्लार्क. प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर विटा-सिमेंटचं साधं घर बांधायचं म्हणून एका कंत्राटदाराशी बोलणंही झालं होतं. माणूस अबोल. नकाशा बघून एवढंच म्हणाला, "आखाजीना आगोदर किल्ल्या तुमना हातमा." आज ते वाक्य आठवलं की मी जिथं असेन तिथं खाली बसतो.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खातात आणि कुणी काही काम सांगितलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. आमच्या मयूरीचं लग्न गेल्या वर्षी झालं, दिलं सारंगखेड्यालाच. म्हणजे ही तिची पहिली आखाजी. ती जन्मली तेव्हापासून आम्ही शांतिलालशेटच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो, आणि शेट छताला हूक ठोकू देत नसत. त्यामुळे लहानपणी मयूरी झोका घ्यायची तो दुसऱ्यांच्या दारात, त्यांच्या मुलींचं मन भरल्यावर. कामिनीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. या वर्षी बोलली. "लेकीची पहिली आखाजी आपल्या घरात झाली पाहिजे. मला बाकी काही नको. एक आढं पाहिजे, झोका बांधता येईल असं." पुन्हा म्हणून ती त्या विषयावर बोलली नाही, आणि तेवढ्यावरूनच मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असताना सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आली आणि यात्रेला ललित आला. ललित हा कामिनीच्या भावाचा मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी त्याचा फुवा, कामिनी फुई. भाच्याचं नाव निघालं की कामिनीचा आवाज मऊ होतो. माझं नाव निघाल्यावर असं काही होत असल्याचं मला आढळलेलं नाही.

ललितनं नकाशा पाहिला आणि कुणाच्या घरी मयत झाल्यावर करतात तसा चेहरा केला. "फुवा, सिमेंट? आजच्या काळात?" मग त्यानं मला पृथ्वीचं तापमान सांगितलं. उन्हाळ्यात शहाद्याचं तापमान मला माहीत होतं, त्यामुळे पृथ्वीबद्दल वाद घातला नाही. घर मातीचं बांधायचं, त्यात केळीच्या खांबांचे तंतू घालायचे, बांबू घालायचा, घर आतून थंड राहतं, असं तो म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं. आमच्या आजोबांचं घर मातीचंच होतं. घोडं पुढे अडलं.

"आणि फुवा, हे आधी सगळं ठरवून मग बांधायची पद्धत आता जगात कुणी वापरत नाही. शेवटी कळतं की चुकलं. आपण स्प्रिंट करायचे."

"म्हणजे पळायचं?"

"म्हणजे पंधरवड्या-पंधरवड्यानं काम. दर पंधरवड्याला काहीतरी वापरता येईल असं तयार. जो वापरणार त्याला विचारायचं, तो सांगेल ते बदलायचं. बदलाला घाबरायचं नाही."

आता मी नोकरी केली ती अशा ठिकाणी की जिथं खडूच्या खोक्याची मागणीसुद्धा वरून मंजूर होऊन येईपर्यंत फळा बदललेला असतो. पंधरवड्याला काहीतरी तयार, हे शब्द माझ्या कानांत अत्तरासारखे गेले. मी कंत्राटदाराला नको म्हणून कळवलं. त्यानं काही विचारलं नाही. अबोल माणसाचा हाच त्रास असतो, तो तुम्हाला वेळेवर अडवत नाही.

त्याच भरात मी संक्रांतीला तिळगूळ घेऊन शांतिलालशेटकडे गेलो आणि सांगून टाकलं, "शेट, आखाजीला आम्ही आमच्या घरात." इतक्या वर्षांच्या हुकाचा सूड मी त्या वाक्यात भरला होता. शेट मनापासून खूश झाले. "बहोत अच्छा, हेमकांतभाऊ. आमच्या नमनचं जमतंय. नई बहू येईल तर तिला ह्याच खोल्या करून देतो." मी उदारपणे मान डोलावली. घर सोडणाऱ्या माणसाला जो एक मोठेपणा येतो तो मी तिळगुळासकट चाखून घेतला.

पहिल्या पंधरवड्यात काय तयार करायचं यावर ललितनं बराच विचार केला. कमीत कमी कामात जास्तीत जास्त माणसांना उपयोग होईल अशी घरातली वस्तू कोणती? ओटा. शिवाय ओट्याला परवानगी लागत नाही. आमचा मिस्त्री खात्या, हा सातपुड्यातला, काठी गावाच्या बाजूचा. उंच, हसतमुख, आणि कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं नाही हा त्याचा धर्म. "ओटा पहिले?" त्यानं विचारलं. "हो." "करी टाकसूत," खात्या म्हणाला. ओटा झाला. उत्तम झाला. संध्याकाळी शेजारचे चुनीलालभाई येऊन त्याच्यावर बसले आणि आजतागायत तसे पूर्णपणे उठलेले नाहीत.

चुनीलालभाई आमच्याच समाजाचे, तापीकाठची केळी-कापूस मुलांवर सोपवून शहाद्यात येऊन राहिलेले. त्यांच्याकडे वेळ होता आणि मतं होती. ओट्यामुळे दोन्हींची सोय झाली. ललितला ते फार आवडले. "फुवा, हे आपले युजर," तो म्हणाला. वापरतो तो युजर, आणि वापरत तर चुनीलालभाईच होते. दर दुसऱ्या रविवारी ओट्यावर बैठक भरायची, तिला रिव्ह्यू म्हणायचं. चुनीलालभाई आपल्याबरोबर आणखी दोघा-चौघांना आणायचे. पोहे व्हायचे, चहा व्हायचा. त्यासाठी पुण्याहून आलेला ललित प्रत्येकाचं म्हणणं रंगीत चिठ्ठ्यांवर उतरवून घ्यायचा आणि झाडाला टांगलेल्या फळ्यावर चिकटवायचा. या बैठकांना कामिनी कधी दिसली नाही, कारण ती पोहे करत असायची. तिची आढ्याची चिठ्ठी फळ्यावर "नंतर" या रकान्यात सगळ्यांत खाली होती, कारण छताचा विषय अजून आला नव्हता.

परवानगीचं सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या संगणकात भिंतीचा प्रकार निवडायचा असतो: वीट, दगड, काँक्रीट. माती नव्हती. "इतर" होतं. "इतर" निवडलं की मजबुतीचा दाखला मागतात. दाखला देणारे म्हणाले, भिंतीचा तुकडा आणा. भिंत बांधायला परवानगी नाही, असं सांगितल्यावर ते म्हणाले, मग परवानगी आणा. मी स्वतः हेडक्लार्क असल्यामुळे या रचनेतलं सौंदर्य मला लगेच कळलं आणि दुसरा कुणी असता तर रडला असता तिथं मी नुसता भिंतीला टेकून उभा राहिलो. ती काँक्रीटची होती. अखेर कच्ची असली तरी वीट ती वीटच, असं ठरवून "वीट" निवडलं आणि शिक्क्याचा नकाशा मिळाला. देणारा बाबू गृहस्थ होता. जाताना हळूच म्हणाला, "साहेब, घर कसंबी बांधा, फक्त नकाशातलं काही बदलू नका." बाहेर ललित उभा होता. तो दर पंधरवड्याला बदलाचं स्वागत करणार होता.

मातीत मिसळायला घोड्याची लीद उत्तम, असा शोध ललितनं लावला. माझ्या विहीणबाई वत्सलाबाई, म्हणजे मयूरीच्या सासूबाई, सारंगखेड्याच्या. त्यांनी यात्रेतली उरलेली लीद ट्रॉली भरून पाठवून दिली. ट्रॉली वस्तीतून आली आणि गावभर झालं की हेमकांत पाटलानं घोडा घेतला. लोक घोडा बघायला येऊ लागले. घोडा नाही, नुसती लीद आहे, हे समजावताना माझी जी काही प्रतिष्ठा शहाद्यात होती ती खर्ची पडली. शाळेत मुख्याध्यापकांनीसुद्धा, "घोडी आहे का घोडा?" असं विचारून घेतलं.

रोज सकाळी स्टँडअप व्हायचं. कामाला लागण्यापूर्वी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, हे सांगायचं. ललित पुण्याहून फोनवर दिसायचा, मी फोन धरून उभा. बसलं की बैठक लांबते म्हणून उभं राहायचं, असं यामागचं शास्त्र. आता सातपुड्यातली माणसं डोंगर चढून-उतरून मोठी झालेली, त्यांना उभं राहायचं काय. ती मजेत उभी राहायची. प्रत्येकजण अडचण सांगायचा. गावच्या रस्त्याची, बहिणीच्या नवऱ्याची, एका हरवलेल्या बैलाची. ललित मला प्रत्येक अडचणीची चिठ्ठी करायला लावायचा. ऊन डोक्यावर आलं की थकलेली फक्त दोघंच दिसायची, मी आणि माझी सावली, आणि सावलीसुद्धा आखडत चाललेली असायची.

तरी भिंत उठली. दक्षिणेची भिंत, खिडकीसह. मी तिच्यावरून हात फिरवला तेव्हा मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. रविवारी रिव्ह्यू झाला. चुनीलालभाई आत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, सयपाकघर आठे? आठे तं उन्हायामा चुल्हा बिगर पेटाडता भाकर शेकाई जाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. ललितनं चिठ्ठी लिहिली. सोमवारी भिंत पाडली.

इथं मातीचा गुण सांगायला हवा. विटांची भिंत पाडताना माणूस शंभरदा विचार करतो, कारण विटा फुटतात. मातीचं तसं नाही. भिंत पाडा, पाणी मारा, तुडवा, पुन्हा तीच माती तयार. ललितला तर आनंदाचं भरतं आलं. "बघा फुवा, काहीच वाया गेलं नाही." खरंच गेलं नाही. तीच माती आधी दक्षिणेला उभी राहिली, मग पश्चिमेला. पश्चिमेला देवघर नको असं ठरल्यावर उत्तरेला. मध्ये एका रिव्ह्यूनंतर ती काही दिवस गोल भिंत होती, कारण ललितनं कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. गोल भिंतीला कपाट कुठं लावायचं असं कुणीतरी विचारलं आणि ती पुन्हा चिखल झाली. दर वेळी खात्याला विचारलं की तो हसून म्हणायचा, "करी टाकसूत." त्याचं काय जात होतं? भिंत झाली तरी मजुरी, मोडली तरी मजुरी. एकदा मी न राहवून त्याला बाजूला घेतलं. "खात्या, तुला काय वाटतं, हे घर होईल?" त्यानं मूठभर चिखल उचलून बोटांत मळून पाहिला. मग म्हणाला, "सायेब, माटी तं चांगली शे."

एका दुपारी वारा सुटला आणि फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या वस्तीभर उडाल्या. चुनीलालभाईंच्या पत्नी मीनाबाई फार टापटिपीच्या. त्यांनी पदरात एकेक चिठ्ठी गोळा केली आणि फळ्याच्या सावलीतल्या बाजूला रंगवार नीट चिकटवून ठेवली. पिवळ्या पिवळ्यांत, गुलाबी गुलाबींत. "रंग देखीसन लायी दिन्ह्यात, भाऊ. आते कितला मस्त दिसस." सावलीतला रकाना "झालं" हा होता. मी नेहमीप्रमाणे फळ्याचा फोटो पुण्याला पाठवला. ललितचा फोन आला, त्याचा आवाज कापत होता. "फुवा, छतसुद्धा? अभिनंदन." त्या दिवशी आमचं घर पूर्ण झालं. माझ्या आयुष्यातला तो एकमेव गृहप्रवेश, आणि मी तो उत्तरेच्या चिखलात उभा राहून केला.

मग होळी आली. सातपुड्यात होळी एका दिवसाची नसते. काठीची राजवाडी होळी होते, मग पुढच्या गावाची, मग त्याच्या पुढच्या. खात्याचा यंदा नवस होता, मोरपिसांचा टोप घालून कमरेला घुंगरू बांधून तो नाचणार होता. ललितनं फोनवरून त्याला परतायची तारीख विचारली. "होळी हुई गई का येसूत," खात्या म्हणाला. "कोणती होळी?" "सगळी." दुसरे मिस्त्री शोधले. जे होळीला गेले नव्हते ते ऊसतोडीला गेले होते, आणि जे कुठंच गेले नव्हते त्यांना माती नको होती. मी काठीपर्यंत जाऊन आलो. पहाटेच्या उजेडात ढोल वाजत होते आणि समोर टोप घातलेले, अंगभर नक्षी काढलेले इतके नाचणारे होते की त्यांतला खात्या कोणता हे मला ओळखता येईना. त्यानं मात्र मला ओळखलं. नाचता नाचता जवळ आला आणि विचारलं, "सायेब, आज स्टँडप शे का?"

तो परत आला तेव्हा चैत्र तापला होता. पाणी मारलेली माती पाय पडायच्या आत वाळायची, उभी केलेली वीट तडकायची. ललित म्हणाला, आपण या स्प्रिंटमधून खूप शिकतोय. मी शांतिलालशेटकडे गेलो.

हा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. दारात पोचलो तर रंगारी शिडी घेऊन उभा होता. आम्ही आत राहत असतानाच शेटनी बाहेरची बाजू गुलाबी करायला घेतली होती. मी म्हणालो, "शेट, पावसाळ्यापर्यंत राहू द्या. थोडं राहिलंय." शेटच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "हेमकांतभाऊ, तुम्हारी जबान पे तो शादी की तारीख निकाली. चांदनी बहू येतेय. तिच्या बापानं खोल्या बघून होकार दिलाय." बाहेर पडताना वर बघितलं. आमच्या खोल्यांपुढच्या ओसरीच्या छताला त्याच दिवशी नवा हूक ठोकलेला होता, सुनेसाठी.

सामान चुनीलालभाईंच्या गोठ्यात गेलं. माणसं कुठं जाणार? माझ्या भावाकडे त्याच्या मुली आलेल्या, लेकराबाळांसकट. चुनीलालभाईंकडे त्यांच्या. आखाजीच्या तोंडावर खानदेशात माहेर म्हणवणारं एकही घर रिकामं नसतं. सगळीकडे लेकी अंथरुणाला अंथरुण लावून. ओट्यावर ताडपत्री बांधून राहू, असं मी सुचवून पाहिलं. कामिनी एरवी माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलते. त्या दिवशी ती आईच्या भाषेत बोलली. "इतलं लोकेसले इचारं तुम्ही. वाटसरूले इचारं. माले कोनी इचारं का? मी काय मांगेल व्हतं? एक आढं." एवढं बोलून तिनं दोन पिशव्या उचलल्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. रागानं नाही. कुठं जायचं हे तिला माहीत नव्हतं म्हणून.

तेवढ्यात वत्सलाबाईंचा फोन आला. मयूरीकडून त्यांना सगळं कळलं होतं. "पाटील, गाडी पाठाडी ऱ्हायनी. आमना घर जागाच जागा शे. दोन्ही मोठ्या सुना माहेर गयात." त्यांनी हे अगदी सहज म्हटलं. तिसरी सून म्हणजे आमची मयूरी.

आखाजीला आम्ही लेकीच्या सासरी होतो. माझ्या आईनं माझ्या बहिणीच्या घरचं कधी पाणी घेतलं नाही. दारावरून परत आली, तहानलेली, पण घेतलं नाही. आणि मी विहीणबाईंच्या पडवीत पाटावर बसलो होतो, पुढ्यात खापरावरची पोळी आणि आमरसाची वाटी. अंगणात कडुनिंबाला झोका होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी पाळीपाळीनं बसत होत्या, गाणी चालली होती. मयूरी डोक्यावर पदर घेऊन पंगतीला वाढत होती. झोक्यावरच्या एकीनं तिला विचारलं, "तू नई गई का व माहेर?"

मयूरी हसून म्हणाली, "मन्हं माहेरच आठे उनं शे."

माहेरच इथं आलंय म्हटल्यावर सगळ्या हसल्या. थट्टाच होती, मयूरीनं ती चांगली निभावलीही. पण वळताना तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि तो घाम नव्हता. मी हातातला घास पानात ठेवला. इतक्या महिन्यांत मला राग आला होता, लाज वाटली होती, लीद आणि चिखल आणि शिक्के सगळं सोसलं होतं. पण एवढं वाईट वाटलं नव्हतं.

कामिनी पंगतीतून उठली. जेवण अर्धं टाकून उठली, विहिणीच्या घरी, सगळ्यांच्या देखत. मयूरीच्या हातातलं रसाचं पातेलं घेतलं, तिच्या डोक्यावरचा पदर हातानं मागे सारला आणि म्हणाली, "जाय, झोकावर बैस. आज तू माहेर शे. काम मी करस."

मयूरी सासूकडे बघायला लागली. वत्सलाबाईंनी हातातलं वाढपाचं ताट खाली ठेवलं. मग त्यांनी झोक्याकडे मान केली आणि झोक्यावरच्या मुलींना म्हणाल्या, "सरका व, तिले जागा द्या." मयूरी गेली. पहिला झोका तिनं जपून घेतला, मग पाय मारला.

कामिनी रस वाढत पुढे सरकत होती. माझ्या पानापाशी आली, पातेलं खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. वाढू नये असं कुणी म्हटलेलं नाही. मी तांब्या घेऊन उठलो आणि पंगतीला पाणी वाढायला लागलो.